अर्जातली जास्तीची ओळ

गेल्या महिन्यात कॉलेजच्या सात-आठ मुली माझ्या दुकानात शिरल्या. उमरखेडला तहसीलसमोर माझं अर्ज लिहिण्याचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दूरच्या एका शहरात एका मुलीवर अत्याचार झाला होता, सगळीकडे संताप होता, आणि या मुलींना मोर्चा काढून निवेदन द्यायचं होतं. "काकू, जरा जोरदार लिहून द्या," त्यांची पुढारीण म्हणाली. काकू म्हणाली तिथेच माझं निम्मं बिनसलं, पण मी संगणक सुरू केला. आरोपीला तात्काळ फाशी देण्यात यावी, असं लिहिलं. ती म्हणाली, भरचौकात घाला. तेही घातलं. मग माझी बोटं थांबली.

दुकानात भिंतीला लागून एक लाकडी बाक आहे, अब्बांच्या वेळचा. त्या बाकावर बसून एक मुलगी असं काही ऐकलं की मान वाकडी करून विचारायची, "पर तिले कोनी इचारलं का, तिले काय पायजे?" तिला त्या बाकावर बसून दहा वर्षं होऊन गेली. अजूनही मला तिची इतकी आठवण येते की लाज वाटते, कारण ती माझ्यामुळेच गेली.

अब्बा अर्जनवीस होते. तेव्हा दुकान नव्हतं. तहसीलच्या आवारात लिंबाखाली टेबल, टेबलावर कोरे कागद, कागदांवर दगड, आणि हा बाक. त्यांचं मराठी अक्षर इतकं वळणदार होतं की नवा कारकून आला की आधी कागदाकडे बघायचा, मग अब्बांच्या दाढीकडे आणि मग पुन्हा कागदाकडे. मला ते अक्षर मिळालं आणि त्याबरोबर धंद्याची एक खोडही मिळाली. अर्जात जोर पाहिजे! शेळी चोरीला गेली तर दोन लिहायच्या. शेजाऱ्याने बांध एक हात कोरला तर चार हात लिहायचा. शिवी दिली असेल तर जिवे मारण्याची धमकी दिली. यात आम्हाला कुणालाच खोटं वाटत नसे. साहेब वाचताना मनातल्या मनात निम्मं करतो, म्हणून आपण आधीच दुप्पट करून ठेवायचं. लिहिणाऱ्याला, सही करणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला, तिघांनाही हे ठाऊक असायचं. "अर्ज में जान होना बेटा," अब्बा म्हणायचे. कॉलेज संपवून मी त्यांच्या शेजारी बसायला लागले, तोवर जान घालण्याची गोडी मला त्यांच्यापेक्षा जास्त लागली होती.

ती माझी कॉलेजातली मैत्रीण. ढाणकी रस्त्यावरच्या एका फाट्यापासून आत तिचं गाव, घरी कापूस, तूर, सोयाबीन. तिच्यासारखं मोजून बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मी म्हणायचे, तुले शंभर वेळा सांगतलं. ती म्हणायची, "तीनदा सांगतलं. त्यातलं एकदा तू खिडकीतून ओरडली, ते मले ऐकूच नाई आलं." जेवलीस का विचारलं तर "दीड भाकर" असं उत्तर यायचं. वर्गात एखादी गैरहजर असली की आम्ही तिच्या नावावर 'हजर' ओरडायचो. ही बया मात्र उभी राहून सरांना सांगायची की ती नाई आली. त्यावरून मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. पुढे कधी ती गोष्ट निघाली तर ती म्हणायची, आठवडा नाही, पाच दिवस.

हिवाळ्यात ती घरून तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणायची. बाकावर आमच्या दोघींच्या मध्ये डबा ठेवून आम्ही सोलत बसायचो. अब्बांची बोटं शाईची असत, म्हणून त्यांच्यासाठी दाणे तीच सोलून कागदावर ठेवायची. तिच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे. आता बाजारात तुरीच्या शेंगा आल्या की मी घेते, मीठ घालून उकडते आणि मग खात नाही. नवरा म्हणतो, कायले आणते मग? त्याचं पंपाच्या मोटारींना नवी तार भरून देण्याचं दुकान आहे, त्याला जळालेली तार दिसते, बाकीचं कमी दिसतं.

कॉलेज झाल्यावर ती ढाणकीला लहान मुलांच्या एका खासगी शाळेत शिकवायला लागली. गावातून फाट्यापर्यंत दहा मिनिटांची वाट, मध्ये नाल्यावर पूल, आणि फाट्यावर सकाळी नऊची एस्टी. त्या पुलावर तिच्याच भावकीतला एक जण मोटारसायकल आडवी लावून बसायला लागला. आधी नुसता बघायचा. मग काहीबाही बोलायचा. मग फाट्यापर्यंत मागे चालत यायचा. मग गाडी अशी लावायला लागला की हिला त्याच्या गुडघ्याला घासूनच पुढे जावं लागे. हे सगळं तिने मला क्रमाने, दिवस मोजून सांगितलं. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी त्याने तिचा हात धरला. ती हिसका देऊन सुटली. नाल्याकाठी शेळ्या चारणारी एक म्हातारी होती, तिने ते पाहिलं आणि ती काठी घेऊन त्याच्या अंगावर धावली.

त्याच शनिवारी ती माझ्याकडे आली. त्या काळात माझं डोकं तापलेलंच होतं. बायकांवरच्या अत्याचाराचा कायदा नुकताच कडक झाला होता. मी मेणबत्ती घेऊन मोर्चात गेले होते आणि घसा बसेपर्यंत फाशी फाशी ओरडले होते. नव्या कायद्यात पाठलाग करण्याला वेगळं कलम आलं होतं, पहिल्यांदा केलं तर कमी शिक्षा, पुन्हा केलं तर जास्त. ते वाचून मला रागच आला होता. पहिल्यांदा म्हणजे काय? तो काय तिथे गोट्या खेळायला बसला होता?

"याले असा धडा शिकवू का जन्मभर आत राहीन," मी तिला म्हणाले. "एकाले अशी शिक्षा झाली ना, बाकीचे दहा जन पुलावर बसाचं सोडतीन."

"दहा जनाचं मले नाई माहीत," ती म्हणाली. "मले याले पुलावरून उठवाचं हाय. ठान्यात बोलवा, त्याच्या बापासमोर दम द्या, लिहून घ्या. नाई आयकलं तं दुसऱ्या खेपेले दोन दिवस बसवून ठेवा. तरी नाई आयकलं, तं मंग कोर्ट."

"येवढ्यानं कोन भेते?"

"तो भेते. बापाले लई भेते तो. लहानपनापासून पाहून राह्यली मी त्याले." मग शेंगेचं साल खाली टाकत ती म्हणाली, "फाशी आपल्याले होईन, हे कोनालेच खरं वाटत नाई वं. बाप घरी आल्यावर काय करीन, ते खरं वाटते."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, बिचारी घाबरली आहे, म्हणून थोडक्यात भागवते आहे.

अब्बा त्या आठवड्यात गुडघ्यामुळे घरी होते. टेबल माझ्याच ताब्यात. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. तारखा, वेळ, म्हातारी कुठे उभी होती ते. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं तर मला ते अगदीच मिळमिळीत वाटलं. वाट अडवली, हात धरला. साहेब याचं निम्मं करणार, मग उरणार काय? मी खाली एक ओळ वाढवली. लगतच्या कपाशीच्या शेतात ओढत नेऊन अतिप्रसंग करण्याचा प्रयत्न केला. लिहिताना माझा हात जरासुद्धा अडला नाही. उलट, आता कसं, असंच वाटलं.

चारची ढाणकी गाडी सुटायची वेळ झाली होती. ती पर्स खांद्याला लावून उभी राहिली.

"वाचू का?" तिने विचारलं.

"वाच की."

तिने स्टँडच्या दिशेने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. "तू लिवलं म्हंजे बरोबरच असन." न मोजता तिने केलेली मला माहीत असलेली ही एकच गोष्ट आहे.

सोमवारी ती आणि तिचे वडील ठाण्यात कागद देऊन आले. सविस्तर जबाब नंतर घेतो, असं त्यांना सांगितलं. माझ्या ओळीत खरंच जान होती. दिवस मावळायच्या आत त्याला उचलून नेलं. मला बातमी कळली तेव्हा मी टेबलावर हात आपटून हसले होते, हेही लिहून ठेवते.

पण गावात भावकी गोळा झाली. त्याला बापासमोर उभं करून दम द्यायला जी घरं आनंदाने आली असती, त्याच घरांनी तोंड फिरवलं. पोरगं जन्माचं जातं म्हटल्यावर त्याचा धाक असलेला बापही त्याच्याच बाजूने उभा राहिला. शेळ्यावाल्या म्हातारीकडे मी स्वतः गेले, सांगशील ना म्हणून विचारायला. ती म्हणाली, "म्या त्याच्या टकुऱ्यात काठी घालाले बी तयार होती. पर पोट्टं जलमभर आत जाईन असं म्या नाई सांगनार. त्याच्या मायनं मले बाळंतपनात रांधून घातलं."

चौथ्या दिवशी एका महिला अधिकाऱ्याने तिला बोलावून अर्ज वाचून दाखवला. माझी ओळ आली तशी ती म्हणाली, "हे नाई झालं."

"काय नाही झालं?"

"शेतात नाई ओढलं. एकोनीस दिवस वाट आडवली, इसाव्या दिवशी हात धरला. शेताचं नाई झालं."

तिच्या वडिलांनी तिला कोपराने ढोसलं. हो म्हण, असं ते तोंडातल्या तोंडात म्हणाले. ती म्हणाली, "जे झालंच नाई ते कशी सांगू बाबा?"

पुढचं सांगताना माझा अजून तिळपापड होतो. त्याच्या बाजूचे लोक गावभर सांगत सुटले, पाहा, आजकालच्या पोरी कशा खोट्या केसा करतात. अरे, तिचं एक अक्षर खोटं नव्हतं! खोटी ओळ माझी होती, आणि ती ओळ जाताना तिचे एकोणीस दिवस आणि धरलेला हातही सोबत घेऊन गेली. मी ठाण्यात जाऊन सांगितलं की ती ओळ माझी आहे. साहेबांनी कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला आणि सही कुणाची आहे एवढंच विचारलं. आठवड्याभरात तो सुटून आला आणि पुलावर बसला. या वेळी चार दोस्त घेऊन.

घरी अब्बांना सांगितलं. ते खाटेवर गुडघ्याला तेल चोळत होते, त्यांचा हात थांबला. "बेटा, बकरी दो लिखना चलता है. औरत की बात जित्ती है उत्तीच लिखना." हा नियम त्यांनी मला आधी कधी सांगितलाच नव्हता. सांगणार कसा? असल्या कामासाठी कुणी बाई आमच्या टेबलापर्यंत कधी आलीच नव्हती. ती पहिली होती.

तिची नोकरी सुटली. घरच्यांनीच सोडवली. उन्हाळ्यात पैनगंगेपलीकडे, नांदेडच्या बाजूला तिचं लग्न ठरलं. मे महिन्यात ती पत्रिका द्यायला आली. मला नाही, अब्बांना. वडील रसाच्या गाडीवर थांबले होते. ती बाकावर बसली नाही.

"भांड ना माझ्यासंग," मी म्हणाले.

"भांडून काय करू?" ती म्हणाली. "मले त्याले जन्मभर आत नोतं घालाचं. मले नऊची गाडी पकडाची होती." मग पत्रिकेचा कोपरा टेबलाच्या कडेला जुळवत म्हणाली, "तू मले इचारलं नाई."

मी लग्नाला गेले नाही. तिचा फोन नंबर बदलला. अब्बा गेले तेव्हा वाटलं होतं, येईल, निदान त्यांच्यासाठी येईल. मी दारात येणाऱ्या प्रत्येक बाईकडे पाहत होते. ती आली नाही. दिवसातून किती वेळा तिच्याशी मनात बोलते, हे मोजायला तीच पाहिजे होती.

तर कॉलेजच्या मुली. मी त्यांना म्हणाले, फाशीची ओळ राहू द्या, पण खाली आणखी एक मागणी घाला. स्टँडवर, फाट्यावर, वाटेत कुणी त्रास देतो अशी लहान तक्रार आली तर ती त्याच दिवशी घ्यावी, त्याच दिवशी त्या माणसाला बोलवावं, आणि दुसऱ्यांदा केलं तर पुढची कारवाई ठरलेली असावी. पुढारीण म्हणाली, "काकू, यानं जोर कमी होऊन राह्यला." मी म्हणाले, तुमच्या जिन्याला खालून एक पायरी आहे आणि एकदम गच्चीवर एक, मधून कोण कसं चढणार? शेवटी त्यांनी मी टाइप केलेली ती मागणी खोडायला लावली. मी खोडली, प्रत दिली, आणि दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकावर उगीच खेकसले.

मुलींचं चुकतं आहे असं मी म्हणत नाही. ज्याने कुणाचं आयुष्य फाडून टाकलं त्याला सगळ्यात मोठी शिक्षा व्हावी, असं मलाही वाटतं, बातमी वाचली की आजही माझ्या मुठी वळतात. पण मोठ्या शिक्षेच्या भीतीने लहान वाटेतला माणूस उठतो का, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. मी विद्वान नाही. मला एकच पूल माहीत आहे, आणि तिथे शिक्षा जितकी मोठी झाली तितके साक्षीदार कमी झाले.

मोर्चा झाला आणि दोन दिवसांनी माझ्या त्या मैत्रिणीची आई दुकानात आली. निराधार योजनेचा अर्ज भरायचा होता, वडील जाऊन वर्ष झालं होतं. मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि अर्ज भरता भरता, जणू सहजच, विचारलं की ती कशी आहे.

"बरी हाय. एक पोरगी हाय तिले. संक्रांतीले येनार हाय." मावशी पाण्याचा पेला हातात फिरवत राहिली. "पर बाई, अजून त्या पुलावरून येत नाई वं ती. तो तं आता बसत बी नाई तिथं, दोन पोरींचा बाप झाला. पूलही नवा झाला. तरी ही एक फाटा आंधी उतरते अन् बांधाबांधानं येते. म्या किती सांगतलं, काहून तंगड्या तोडते म्हून. बोलतच नाई."

मावशी गेल्यावर मी शटर अर्धं ओढून आत बसले आणि रडले. मला वाटत होतं तिचं नुकसान झालं ते झालं, नोकरी गेली, गाव सुटलं, आता ती तिकडे सुखी असेल. वाट तिला अजून मिळालेलीच नव्हती.

संक्रांतीच्या दिवशी मी त्या आधीच्या फाट्यावर जाऊन उभी राहिले. प्रत्येक गाडी आली की मी घड्याळ बघत होते. तीन गाड्या गेल्या. चौथीतून ती उतरली. अंगाने भरली होती, केसांत कानाजवळ पांढरं आलं होतं, आठेक वर्षांच्या मुलीचं बोट धरलेलं. तिने मला पाहिलं आणि थांबली.

"किती वर्षं झाली वं," मी म्हणाले. "वीसेक झाली असतीन."

"दहा वर्षं आठ महिने," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि रडूही आलं. तिचे खांदे हलले नाहीत, पण तिने पिशवीचा एक बंद माझ्याकडे केला. मी धरला. दोघींमध्ये पिशवी आणि पुढे मुलगी, अशा आम्ही बांधावर आलो. तुरीला शेंगा लगडल्या होत्या. डावीकडे दूर नव्या पुलाचे पांढरे कठडे दिसत होते.

"तिकून जाऊ का?" मी विचारलं. "मी हाय ना संग."

तिने पुलाकडे पाहिलं. "नाई."

मी पुन्हा म्हणाले नाही. बांध अरुंद झाला तशी ती पुढे झाली आणि मागे न बघताच बोलली, "पुलावरून दहा मिंट लागतात. इकून चाळीस. दर खेपेले मोजते मी."

मी पिशवी सांभाळत तिच्या मागून चालत राहिले. तिची मुलगी अधूनमधून शेंग तोडून आम्हाला आणून देत होती. तिच्या घराच्या अंगणात पोचल्यावर मी घड्याळ पाहिलं. चाळीसच मिनिटं झाली होती.